कोणी आणलं

पोर्तोच्या या इस्पितळात
मनाच्या तातडीच्या खिडकीशी
मी सव्वीस वर्षं बसते आहे.
डॉक्टर नाही मी, नर्सही नाही.
नाव विचारते, जन्मतारीख विचारते,
आणि मग तिसरा रकाना:
कोणी आणलं?

पहिली वही अजून आहे, कपाटामागे,
ओल लागून फुगलेली.
तिच्यात माझंच जुनं वळणदार अक्षर सांगतं:
पोलिसांनी. पोलिसांनी. थोरल्या भावाने.
पाद्रीबाबांनी, चर्चच्या गाडीतून.
मासळीच्या कारखान्यातल्या मुकादमाने,
दोरीने हात बांधून,
वर दोरीबद्दल माफी मागत.
माणसं मध्यरात्रीनंतर यायची,
दारूचा नि डिझेलचा वास घेऊन.
काय होतंय विचारलं तर म्हणायची,
डोक्यात माकडं नाचतात.
मी तेच लिहायची. माकडं.

आपल्या पायांनी येणारी एकच होती,
झुल्मिरा, विधवा, दर नोव्हेंबरात.
म्हणायची, नसा गं बाई, नसा,
आणि कागदाच्या पुडीतून
माझ्यासाठी भाजलेले चेस्टनट काढायची.
निम्मे आधीच सोललेले.

हे कधी बदललं, नेमकं सांगता येत नाही.
अंधारात जिना उतरताना
एक पायरी कमी निघावी, तसं.

मध्ये एक वसंत असा आला
की कोणीच आलं नाही.
तोंडाला फडकं लावून
मी रिकाम्या खुर्च्यांची राखण केली.
एक कुरव पक्षी कठड्यावर येऊन
काचेतून आत बघायचा.
डॉक्टर म्हणाले, शहर बरं झालं वाटतं.
ते हसले नाहीत. मीही नाही.

आता गर्दी दुपारी चारला असते,
शाळा सुटल्यावर.
पाठीवर दप्तर, फोन तीन टक्क्यांवर,
पहिला प्रश्न त्यांचाच: चार्जर आहे?
दुखण्याचं नाव तीच सांगतात,
मी चुकले तर स्पेलिंगही.
माझ्याकडे शब्द कमी,
त्यांच्याकडे झोप कमी.
परवा एक पार्सलवाला आला, मूळचा ब्राझीलचा,
चौकोनी पेटी पाठीवर तशीच;
आत कुणाचं तरी जेवण निवत होतं,
आणि ते पोचवायला उशीर होतोय
म्हणूनच तो रडतोय, असं तो सांगत राहिला.
संत योहानाच्या रात्री
सगळं शहर प्लॅस्टिकच्या हातोड्यांनी
एकमेकांच्या डोक्यावर टपल्या मारत असताना
एक मुलगी तसली हातोडी मांडीवर ठेवून
पहाटेपर्यंत इथे बसली.
कुणाला मारली नव्हती. तिलाही कुणी नाही.

तिसऱ्या रकान्यात मी लिहिते:
स्वतः. स्वतः. स्वतः.
कॉम्प्युटर तर आता पहिलं अक्षर दाबताच
तो शब्द आपणहून पुरा करतो.

दर तिमाहीला वरून आलेख मागतात.
रेघ चढते, मी पाठवते.
झुल्मिरा त्यात एक ठिपका होती,
चार वर्षांमागे तोही थांबला.
मी फोन केला नाही. नियमात बसत नाही.
खरं तर, धीर झाला नाही.

आणि काल, सातच्या सुमाराला,
एक म्हातारा नि एक मुलगा खिडकीशी आले.
आबिलियू, एक्क्याऐंशी. गाश्पार, बारा.
पेशंट कोण?
दोघांनी एकमेकांकडे बोट केलं.
म्हातारा वाकून कुजबुजला,
हा जेवत नाही, बोलत नाही, मी आणलं त्याला.
मुलगा टाचा उंचावून म्हणाला,
आजोबा रात्री गॅस बंद करायला दहादा उठतात
आणि आजीला हाका मारतात.
मी आणलं त्यांना. त्यांना सांगू नका.

रकान्यात कर्सर लुकलुकत राहिला.
मी दोन पट्ट्या छापल्या.
दोन मनगटं पुढे आली.
एकाची ओली बाही
दुसऱ्याने वर सारली,
कोणी कुणाची, ते मी पाहिलं
आणि लिहिलं नाही.