सराटे

पाथर्डी फाट्याच्या आत, पाण्याच्या टाकीखाली माझं दुकान.
समोर मैदान म्हणायचं, खरं तर बिल्डरचा रिकामा प्लॉट.
मागे पांडवलेण्यांचा डोंगर, पुढे हवेचा पंप,
मधे मी, घमेल्यात पाणी,
पाण्यात कुणाची तरी ट्यूब.

गांगुर्ड्यांच्या निशिगंधाची चाकाची खुर्ची
पहिल्यांदा दुकानात आली, तेव्हा टायरवर रबराची लव होती,
नव्या टायरवर असते तशी.
खुर्ची घेऊन वर्ष झालेलं.
हवा भरली. तिचे पप्पा म्हणाले, किती झाले?
म्हटलं, हवेचे काय घ्यायचे.
मनात म्हटलं, वर्षभरात एक काटा नाही?
ही पोरगी जाते तरी कुठे?

जात होती. मैदानाच्या कडेपर्यंत.
पोरं चांगली, नाही म्हणायची नाहीत.
"निशी, तू कच्चं लिंबू," म्हणायची
आणि तिच्या मांडीवर सगळ्यांची स्वेटरं, घड्याळं, बाटल्या.
कच्च्या लिंबावर राज्य येत नाही.
कच्चं लिंबू आऊट होत नाही.
कच्च्या लिंबाला शोधायलाही कुणी येत नाही.
स्वेटरांच्या ढिगामागे तिचा चेहरा
मला इथून दिसायचा नाही.

मग एका रविवारी,
द्राक्षांच्या क्रेटचे टेम्पो हायवेला लागत होते,
ती अशी ओरडली की माझ्या हातातला पाना थांबला.
ढीग सगळा मातीत.
"माझ्यावर राज्य द्या."

सम्यक पगारे म्हणाला, "अगं, पण डबा..."
"आणते मी."
"लांब फेकतो आम्ही."
"फेक."

त्यानं फेकला. अलगद. मला दिसलं ते, तिलाही.
"नीट फेक."

नीट फेकला.

खुर्ची सराट्यांतून करकरत गेली.
एका हातानं चाक धरून, वाकून,
तिनं रंगाचा तो पोचलेला डबा उचलला, घामाघूम.
तोवर सगळी लपली होती,
आणि एवढ्या वेळात चांगलीच लपली होती.
चार वेळा मागून कुणीतरी आलं, डबा उडवला,
चार वेळा राज्य तिच्यावरच.
रडली. राज्य सोडलं नाही.
पोरांनीही दया केली नाही, याचा मला तेव्हा राग आला होता.

पाचव्या वेळी फैजान माझ्या जुन्या टायरांमागे,
ओठांवर बोट.
मी पंक्चरवाला, मला काय.
निशी आली. "काका, हवा बघा ना जरा."
मी वाकलो. तीही वाकली.
हवा तिला बघायचीच नव्हती.
टायरांच्या फटीतून दोन निळ्या चपला.

दुकानापासून डब्यापर्यंत उतार आहे.
बारा वर्षं इथे बसतो, मला माहीत नव्हतं.
पायांना तो कळत नाही,
चाकांना कळतो.

"फैजान डबा ऐसपैस!"

"चीटिंग! हवा बघा म्हणाली ही! चीटिंग!"
"दुकानात लपायचं नाही ठरलेलं! तूच चीटर!"
"तू चीटर!"
"तुझा अख्खा खानदान चीटर!"

तिची आई अनवाणी धावत आली, हाताला कणीक.
मी आडवा झालो.
म्हटलं, ताई, थांबा.
आजवर तिच्याशी भांडलंय कोण?
ती थांबली. कणीक वाळेपर्यंत थांबली.

संध्याकाळी खुर्ची पुन्हा माझ्याकडे, दोन्ही चाकं बसलेली.
निशी माझ्या स्टुलावर, फैजान पायरीवर,
एकमेकांशी कट्टी, तोंडं दोन दिशांना.
बुडबुड्यांनी जागा दाखवल्या.
चिमट्यानं एकेक सराटा काढून झाकणात ठेवला.
"पाच," निशी म्हणाली.
"सहा," फैजान, तोंड न वळवता.
"सात."

"किती झाले, काका?"
या वेळी पैसे सांगितले. साताचे, पूर्ण.
"उद्या देते. उद्या राज्य याच्यावर आहे."

वहीत लिहिलं:
गांगुर्डे निशिगंधा. पंक्चर सात. बाकी.