शेवटचा रकाना

वीस महिने मी गामेआच्या दारात उभी राहिले.
भरती असली की गुडघाभर चिखल,
बामू कॉर्नरच्या फळ्यांवरून चपला हातात घेऊन.
गोळ्या गिळल्या की त्यानं जीभ उचलून दाखवायची,
मग मी कार्डावर पेन्सिलीनं टिंब देणार.
ओकाऱ्या झाल्या, कानात शिट्ट्या वाजू लागल्या,
तेव्हाही माझं एकच:
दम धर.

तो हसायचा. दम धरणं त्याला मी शिकवणार?
डारूच्या धक्क्यावर सगळ्यांना ठाऊक होतं,
गामेआ पाण्यात गेला की होडीतला माणूस
सुपारी फोडून, चुना लावून, चघळून, थुंकून मोकळा होई
तरी हा खालीच,
प्रवाळाच्या कपारीतून समुद्रकाकड्या वेचत.

मार्चमध्ये मी शेवटच्या रकान्यात लिहिलं: बरा.
थुंकीत जंतू नाहीत. सही, शिक्का.
नाउमानं, त्याच्या बायकोनं, माझ्यासाठी खेकडा रांधला.
फोटो काढला. फोटोत तो जरा वाकलेला आहे.
तेव्हा वाटलं, उन्हामुळे.

आता दवाखान्याच्या व्हरांड्यात दोन लाल प्लास्टिकचे शंकू.
त्यांच्यामधून सहा मिनिटं चालायचं, एवढंच.
चौथ्या मिनिटाला त्यानं भिंत धरली,
वर आल्यावर होडीचा काठ धरतात तशी.
एक्स-रेत उजवीकडे, वरच्या बाजूला,
वाळवीनं खाऊन सोडलेल्या वाशासारखं काहीतरी.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोग गेला. हे त्याच्या मागचं.
गोळी? मीच विचारलं. त्यानं नाही.
नाही.
पहाटे पालथं पडून पाठ थोपटून घ्या, कफ सुटेल,
आणि चुलीच्या धुरात बसू नका.
घर एका खोलीचं आहे. चूल त्या खोलीत आहे.

बाजारात तो खोकला की मासेवाल्या टोपल्या मागे ओढतात.
तो कागद काढतो, घडीवर फाटलेला.
वाचायला कुणी तेवढं जवळ येत नाही.

पाण्यात आता नाउमा उतरते.
हा होडीत, पिशवीचा दोर मुठीत, आकडे मोजत.
गेल्या शनिवारी मीही होते.
ती बुडाली तशी यानंही छाती भरून घेतली, सवयीनं,
आणि अकराला फुटला.
खोकला, होडी हलली, दोर हलला,
खाली तिला वाटलं, बोलावतोय.
अर्धी पिशवी घेऊन वर आली, चिडलेली.
काय झालं?
काही नाही, म्हणाला, जा.

परतताना मला विचारलं,
तुझ्या वहीत 'बरा'च्या पुढे काय असतं?
पान उलटलं की दुसऱ्याचं नाव, मी म्हटलं.
तो पाण्याकडे बघत राहिला.
दम धर, असं ओठांवर आलं होतं.
ते मी धक्का येईपर्यंत
तोंडातच धरून ठेवलं.