एकशेवीस लिटर

पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, दर्यापूरच्या अलीकडे,
विहिरीचं पाणी डाळ शिजू देत नाही.
तिथल्या सरकारी दवाखान्यात तीन यंत्रं
आणि एका माणसाचं रक्त एकदा धुवायला
एकशेवीस लिटर शुद्ध पाणी.
टँकर मंगळवारी येतो. कधी बुधवारी.

मी मागच्या खोलीत, मोडीत निघालेल्या एक्स-रेच्या टेबलावर
वीतभर नळकांडं जुळवत बसते.
आत दहा हजार नळ्या, केसासारख्या,
पोकळ.
रक्ताऐवजी बादलीत युरिया कालवते,
कृषी केंद्रातला, गोणीतला.
दुकानदार विचारतो, पेरा किती?
मी म्हणते, दीड चौरस मीटर.

रक्त इकडून सोडायचं, पाणी तिकडून. एवढीच युक्ती.
दोघं एकाच दिशेने निघाले तर
अर्ध्या वाटेतच सारखे मळतात,
मग कोणी कोणाचं काही घेत नाही.
येवद्याच्या बाजाराची वाट बघा:
परतणारा ओझ्यानं वाकलेला,
समोरून येणारा रिकाम्या हातांचा,
शेवटच्या वळणावरसुद्धा
कोणीतरी रिकामं भेटतंच.

खाट दोनवर पंचफुला इंगळे.
तिच्या मनगटावरची फुगलेली शीर गुणगुणते,
नातवाचा कान तिथे टेकवून म्हणते,
"आयक, मोहोळ हाय."
मला म्हणते,
"जल्मभर खारं पानी पेलो, बाई,
तवा कोनी गाळून नाही देल्लं.
आता रगत गाळता."
मी दाब वहीत लिहिते. एकशेचाळीस.
पुन्हा मोजते. एकशेचाळीसच.

तिला एकदा सांगितलं,
पूर्वी ही पडदी
सरकीला चिकटून राहिलेल्या लवीपासून करत.
बराच वेळ नळीतल्या लालकडे बघत राहिली.
"मंग तं आमच्याच वावरातलं हाय."

काल नव्वद लिटरात आकडा जमला.
वाचलेले तीस कुठे जातील,
आराखड्यात तो रकानाच नव्हता.
पंचफुलाबाईनं विचारून ठेवलंय,
त्यात डाळ शिजते का.

आज त्याच नव्वदवर
टोकाकडच्या चार नळ्या सुटल्या.
गोंद बदलावा लागेल,
किंवा दाब उतरवावा लागेल,
किंवा दोन्ही.
बुधवार आहे. टँकर अजून आलेला नाही.