पीठ नेहमी शंभर

ओतिया सांगतो, पीठ म्हणजे शंभर.
पोतं असो की ओंजळ, शंभरच.
त्यावर पाणी पासष्ट, मीठ दोन, आंबवण वीस.
मी बोटांवर बेरीज केली: एकशे सत्त्याऐंशी.
शंभराच्या वर टक्के जातीलच कसे?
"पाव फुगतो तसे," म्हणाला,
आणि हसला नाही.

भट्टीशेजारी भिंतीवर खडूचे जुने आकडे आहेत.
पीठ चाळीस किलो, पाणी सव्वीस लिटर, मीठ आठशे ग्रॅम.
तेव्हा राचाच्या या डोंगरगावात
शाळेच्या दोन तुकड्या होत्या, एक सुईणही.

आता पीठ चौदा किलो.
मी रोज पहाटे त्रैराशिक मांडते:
चाळिसाला आठशे, तर चौदाला किती?
दोनशे ऐंशी.
पाणी नऊ लिटर, वर अर्धी वाटी.
चव तीच, लामारा म्हणायची,
एक पाव काखेत धरून
पाच खुर्च्यांच्या घरी जाताना.

तिच्या मुली इटलीहून आल्या,
नातवंडं, शेजारी, तिबिलिसीच्या गाड्या.
ओतिया म्हणाला, चाळीस.
गणित करावं लागलं नाही,
भिंतीवर होतंच.
रात्रीपर्यंत भाजत होतो. मातीवर माती पडली,
मेजावर पाव.

सोमवारी चौदा किलो मोजून झाल्यावर
त्याने पाव किलो पीठ
परत पोत्यात ओतलं.
काही बोलला नाही.
मी मिठातले पाच ग्रॅम
काढून ठेवले.