यादी लावताना

खळ मीच शिजवतो, ज्वारीच्या पिठाची.
दुकानातला डिंक मार्चच्या उन्हात सुटतो,
मग सीनेकडनं वारा आला की कागद निघाला.
एकदा गुरुनाथ हविनाळेचं अख्खं शेततळं असं उडालं,
अस्तरासकट,
आणि सापडलं बालवाडीच्या मोरीत.

आज सतरा पानं.
ग्रामसेवकानं सोलापुरातनं आणली, रबर लावून,
फटफटीच्या डिकीत, जेवणाच्या डब्यावर.
तेराव्या पानाला लोणच्याचं तेल.
अनुक्रमांक, नाव, गट नंबर, रक्कम, शेरा.
वरच्या कोपऱ्यातनं तळहात फिरवत मी खाली येतो,
फुगा राहू नये म्हणून.
हाताखालनं गाव जातं:
ठिबक, तुषार, कांदाचाळ, रोटाव्हेटर,
दोन हजार, दोन हजार, दोन हजार,
मध्येच कुणाचे तरी एक लाख बारा.
तिथं हात जरा अडखळतो,
बाकी कागद गुळगुळीत.

माणसं जमतात.
स्वतःचं नाव आधी कुणी वाचत नाही.
आधी भावकी.
मग बांधाला बांध असलेला.
मग मेहुणा, आणि तोंड वाकडं करून झालं की
हळूच, खिशातला चष्मा काढून, आपण.
"कांदाचाळ? याची? त्यात तर पोरगं मोबाईल दुरुस्त करतंय."
"अनुदान चाळीला हाय, कांद्याला नाही."
चन्नव्वा विचारते, माझं काय लिहिलंय रे.
आधारवर चन्नव्वा, सातबाऱ्यावर चन्नाबाई,
शेऱ्यात लिहिलंय: नाव जुळत नाही.
ती म्हणते, कुणाशी?

काल रात्री बसलिंगप्पा गुरुजी आले होते.
हातात बॅटरी, पायांत घरातल्या सपाता.
मी खळ ढवळत होतो.
बारावं पान वसुलीचं.
पेन्शनवाल्यांनी घेतलेले हप्ते परत करायचे,
गुरुजींचे नऊ, म्हणजे अठरा हजार.
म्हणाले, बारावं जरा वर लाव,
पत्र्याच्या खाली, सावलीत.
एवढंच.
या माणसानं मला अ शिकवला, पाटीवर बोट धरून.
गावातले निम्मे अर्ज त्यांच्याच अक्षरात,
चन्नव्वाचासुद्धा.
मी हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही.
खळीत गुठळी झाली.

सकाळी पान लावलं, अकराच्या शेजारी, तेराच्या आधी.

दहाला गुरुजी आले, नेहमीसारखे,
ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी मोठ्यानं वाचायला.
पहिल्या पानापासून. शेरे गाळले नाहीत.
हजेरी घ्यायचे तोच आवाज, तीच थांबायची जागा.
बाराव्यावर आले, चष्मा पुसला.
"बसलिंगप्पा मडिवाळप्पा कोरे. वसुलीपात्र. अठरा हजार."
आणि थांबले,
जसे प्रत्येक नावानंतर थांबत.
मागून फक्त गिरणीचा पट्टा.
कुणी खोकलंसुद्धा नाही.
मग त्यांनी तेरावं सुरू केलं.
तेलाचा डाग आला तिथं म्हणाले,
हे मला वाचता येत नाही.

दुपारी चावडी रिकामी.
माझं नाव कुठल्याच पानावर नसतं, मला गट नाही.
बोटांना दोन दिवस खळीचा वास,
तेवढीच ज्वारी माझ्या वाट्याची.
सतराव्या पानाचा खालचा कोपरा
चन्नव्वाची शेळी चाटत होती.
मी लगेच हाकललं नाही.
आधी शेरा गेला, मग रक्कम, मग गट नंबर.
नावापाशी आली
तेव्हा ब्रश उगारला.