खुंटीवरची टोपी

कॅन्ससात आमचं घर रुळांच्या पलीकडे.
पाटी नव्हती, लागायचीही नाही.
पेट्रोल पंपावर झाडू मारणारा डेलबर्ट
नुसती हनुवटी हलवायचा:
तिकडे. पिवळ्या दाराचं.

हायवेवर मोटेलं अकरा.
'खोली मिळेल' असं लाल दिव्यांनी रात्रभर लिहिलेलं,
आणि त्याच दिव्याखाली उभं राहून
मॅनेजर सांगायचा, शिल्लक नाही.
निदान दिवा तरी विझवायचा मेल्यानं,
आई म्हणायची.

चादरी मी धुवायचे.
पोरं पहाटे गादी ओली करायची.
तीनशे मैलांत कुणी संडासाचं दार उघडलं नव्हतं,
दिवसभर आवळून धरलेलं
आमच्या घरी सुटायचं.
आई त्यांना जास्तीचं लोणी वाढायची.

एकावन्नच्या ऑगस्टात मिस्टर बीम आले,
सेंट लुईसहून डेन्व्हरला, मुलीकडे निघालेले.
ब्यूक स्वतःची. हप्ते फिटलेली.
डोक्यावर मात्र ड्रायव्हरची टोपी.
पोलिसानं अडवलं की म्हणायचं,
साहेबांची गाडी, पोचवायला चाललोय.
मागे मिसेस बीम, मांडीवर इस्त्रीचे कपडे घेऊन:
ही साहेबांची मोलकरीण.
सत्तावीस वर्षांचा संसार,
आणि रस्ताभर
आरशातूनसुद्धा एकमेकांकडे बघायचं नाही.

आमच्या दारात आले की आधी टोपी खुंटीला.
मग बायकोसाठी खुर्ची ओढायचे,
सावकाश, सगळ्यांना दिसेल अशी.

दर ऑगस्टला यायचे.

चौसष्टला कायदा झाला.
पुढच्या उन्हाळ्यात आले ते उभ्या उभ्याच,
नातवंडं हायवेवरच्या मोटेलात, तलावात.
'पाण्यातून निघतच नाहीत, ओझेला,'
सांगताना त्यांना हसू आवरेना.
आई म्हणाली, बरं झालं.
थोड्या वेळानं परत म्हणाली, बरं झालं हो.
निघताना टोपी तिथंच राहिली.
मी धावत गेले द्यायला,
तर काच खाली करून म्हणाले, राहू दे.
मिसेस बीम पुढच्या सीटवर बसल्या होत्या.

त्या हिवाळ्यात आईनं वरच्या तीन खोल्या बंद केल्या.
डेलबर्टची हनुवटी रिकामी झाली.
चादरींच्या घड्या कपाटात पिवळ्या पडल्या,
आणि आई संध्याकाळी सवयीनं
चार बटाटे जास्तीचे सोलायची,
मग त्यांच्याकडे बघत बसायची.

टोपी अजून आहे.
आतल्या पट्टीवर घामाचा डाग, कपाळाच्या मापाचा.
आयुष्यभर लोकांचं धुतलं मी.
तेवढी धुतली नाही.