तीनशे बारा ओइवा

ओइवाच्या विहिरीपर्यंत ते कधी पोचेल,
एवढंच सांगायचं होतं मला.

ते म्हणजे जुन्या लाकूडगिरणीचं औषध,
फळ्यांना बुरशी धरू नये म्हणून कालवलेलं,
तीस वर्षं हौदाच्या चिरेतून ठिबकत राहिलेलं.
गिरणी गेली, हौद गेला.
आता तिथे बर्चची कोवळी झाडं
आणि फिनिशमध्ये एक पाटी: खणू नये.

खाली हिमनदीनं आणून टाकलेली वाळू,
कुठे रव्यासारखी, कुठे गोट्यांएवढी,
मध्येच चिकणमातीची एखादी जीभ,
जिच्यापाशी पाणी माणसाचं आयुष्यभर अडून बसतं.
आमच्याकडे नऊ बोअर.
नऊ भोकांतून पाहिलेला दोन कोसांचा अंधार.
उरलेला मशीन रात्रभर भरतं,
पाचशे वेळा, दर वेळी निराळी वाळू,
नऊ ठिकाणी खरी,
बाकी सगळीकडे शक्य.

सकाळी पडद्यावर पाचशे डाग.
एक नाकासमोर तळ्याकडे गेलेला,
एक पंजासारखा फाटलेला,
एक जागचा हललाच नाही.

कॉफी ओतत ओइवा म्हणाला, तारीख सांग.
मी म्हणाले, बारा ते सत्तर वर्षं.
मी ऐंशीचा आहे गं, कर्तू.
मग जरा थांबून,
तुझ्या पाचशेंत माझी विहीर
कितींदा चांगली राहते?
तीनशे बारा.
बरं. म्हणजे तीनशे बारा ओइवा
निवांत कॉफी पिताहेत
आणि बाकीचे गावातून कॅन वाहताहेत.
त्यानं साखर माझ्याकडे सरकवली.

निघताना दारात म्हणाला,
बापानं विहीर खणली तेव्हा
दोर माझ्या हातात होता. सहा वर्षांचा होतो.
चार हातांवर निळी माती लागली,
फावड्याला चिकटली की सुटेना.
बापानं शिवी हासडली,
ती मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली,
म्हणून लक्षात आहे.

निळी माती! चार हात!
पायरीवर बसूनच लिहून घेतलं,
मनातल्या मनात
शेकडो वाळवंटं पुसून टाकली.

गाडी सुरू केली तर तो मागून आला,
बर्फात, टोपीशिवाय.
काच खाली करायला लावली.
का ती सौनाजवळची विहीर होती?
जी पुढे बुजवली?
थांब... नाही...

रात्री मशीनला दहावं भोक दिलं.
खोली: चार हात.
माती: निळी.
खात्री: इथे आकडा लागतो.
बराच वेळ बोट कळीवर ठेवून बसले.

शिवी मात्र खरी होती.